फेनविक स्ट्रीटचे फुटके भोपळे

१

फेनविक स्ट्रीटवरचे पोरांचे सगळे भोपळे कुणीतरी रात्रीतून फोडून टाकले होते.

एकही सुटला नव्हता. गल्लीच्या दोन्ही अंगांना, घरोघरच्या पायऱ्यांशी नुसता केशरी चिखल. त्यात कुठे एखादा कोरलेला डोळा शाबूत, कुठे अर्धी जिवणी. हॅलोविनचा दिवस, त्यातून शनिवार. संध्याकाळी रस्ता बंद करून पोरांची जत्रा भरायची होती, आणि सकाळी सकाळी दारोदार पोरं भोकाड पसरून उभी होती.

रस्त्याच्या मधोमध लोरेटा क्वात्रोने झाडू घेऊन उभी होती आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. जन्मभर शहराची बस चालवून निवृत्त झालेली बाई, आवाज अजूनही शेवटच्या सीटपर्यंत पोचेल असा. गल्लीने तिला आपली कॅप्टन केलं होतं. दक्षिण फिलाडेल्फियात गल्लीगल्लीला अशी एक कॅप्टन असते. तिला मान किती मिळतो ठाऊक नाही, पण कचऱ्यापासून पार्किंगपर्यंतच्या सगळ्या शिव्या तिच्या नावाने पडतात.

भोपळ्यांचा कारभार तर सबंध तिचाच. गुरुवारी संध्याकाळी तिने रस्त्यावर लांबलचक टेबलं मांडून पोरांना भोपळे कोरायला बसवलं होतं. घरी कोरायचे नाहीत, हा तिचा दरवर्षीचा नियम, कारण बिया तिला हव्या असत. पोरांनी हात घालून घालून भोपळे पोकळ करायचे आणि सगळ्या बिया तिच्या पातेल्यात टाकायच्या. मग ती त्या मीठ लावून भाजायची आणि हॅलोविनला पुड्या बांधून वाटायची. कोरून झालेल्या प्रत्येक भोपळ्याला ती स्वतः ब्रशने आतून-बाहेरून लाल मिरचीचं जहाल पाणी फासायची. ते खारींसाठी. या शहरातल्या खारी इतक्या निर्ढावलेल्या आहेत की मिरची नसली तर सकाळपर्यंत भोपळ्याचं नाक खाऊन मोकळ्या होतात.

लोरेटाने झाडायला सुरुवात नातीच्या दारापासून केली. तिचा मुलगा कार्माइन गल्लीच्या टोकाच्या घरात राहायचा. त्याची सात वर्षांची विव्ही पायऱ्यांवर बसून हमसाहमशी रडत होती. पायऱ्यांखाली एक गुबगुबीत खार चिखलात बसून निवांत न्याहारी करत होती.

"तुला बरा आज मुहूर्त मिळाला गं मेल्ये," म्हणत लोरेटाने झाडू उगारला. खारीने एक फोड तोंडात धरली आणि सावकाश, जणू उपकार करावेत तशी, तारेवर चढून गेली.

झाडूने तो गिचका निघेना, तेव्हा लोरेटा खाली बसली आणि दोन्ही हातांनी तो पिशवीत भरू लागली. बुळबुळीत तंतू, बिया, सालांनी हात कोपरापर्यंत माखले. विव्हीचं रडणं ऐकून तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. ते तिने त्याच ओल्या हाताने पुसलं आणि पुन्हा कामाला लागली. तेवढ्यात कार्माइन बाहेर आला, विव्हीला उचलून घेतलं, तिच्या कानात काहीतरी पुटपुटला. पोरगी चटकन गप्प झाली.

"कोणी केलं असेल रे हे?" लोरेटाने विचारलं.

"मी काय सांगू, आई," कार्माइन म्हणाला. "तूच सगळ्यांना ओळखतेस."

गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी तिला हाका मारत होतं. नव्याने राहायला आलेली ब्रिन केलर फोन उंच धरून धावत येत होती.

"लोरेटा, सापडला. माणूस सापडला," ती धापा टाकत म्हणाली. "फोटो काढलाय मी."

फोटोत लमॉन्ट गॅडसन होता. हातात फावडं, आणि बूट घोट्यापर्यंत भोपळ्याने बरबटलेले.

२

लमॉन्ट तुरुंगातून सुटून आला त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. पॅरोलवर होता. तरणा असताना वाईट संगतीने एका दुकानाचं कुलूप तोडायला गेला, आत माणूस निघाला, झटापट झाली, आणि पोरगा गेला तो पस्तिशी गाठूनच परत आला. आला तो आईकडे. मिस अर्नेस्टीन याच गल्लीत, याच घरात, त्याची वाट बघत म्हातारी झाली होती.

लोरेटा पोचली तेव्हा गॅडसनांच्या दारापुढे निम्मी गल्ली गोळा झाली होती. लमॉन्ट पायरीवर उभा होता, हात मागे बांधलेले.

"मी उचलत होतो," तो म्हणाला. "पहाटे आईचं औषध आणायला निघालो, तर हे सगळं दिसलं. म्हटलं पोरं उठायच्या आत साफ करावं."

"पहाटे? एकटाच?" ब्रिनने विचारलं. "आणि कुणाला उठवलं नाहीस?"

"कुणाचं दार वाजवू मी पहाटे?" लमॉन्टने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुमचं वाजवलं असतं तर तुम्ही उघडलं असतं?"

ब्रिनचा चेहरा लाल झाला. "हे बघा, माझं कुणाशी वैर नाही. पण दुपारी पोलीस ऑफिसर रस्ता बंद करायला येणारच आहे. मी हा फोटो त्याला दाखवणार. संध्याकाळी हाच माणूस गाडीत आमची मुलं घालून फिरवणार आहे. आम्हाला कळायला नको?"

गाडी म्हणजे गवताच्या पेंढ्या घातलेला सपाट ढकलगाडा. त्यात गल्लीची पोरं बसायची आणि एक धडधाकट माणूस दोरीने तो दारोदार ओढत न्यायचा. इतकी वर्षं कार्माइन ओढायचा. यंदा लोरेटाने दोरी लमॉन्टच्या हातात दिली होती. माणूस आपल्यातला आहे हे गल्लीला एकदा दिसू दे, असा तिचा हिशेब.

"फोटो दाखवलात की काय होईल माहितेय?" मिस अर्नेस्टीन दारातून म्हणाली. ती काठीवर भार देऊन उभी होती. "पॅरोलवरच्या माणसावर नुसती तक्रार पुरते, बाई. खरं-खोटं ठरेपर्यंत आत. मी पुन्हा त्या काचेपलीकडे बसून पोराशी फोनवर बोलणार नाही. तेवढं आयुष्य नाही राहिलेलं माझं."

कार्माइन विव्हीला कडेवर घेऊन मागे उभा होता. तो घसा खाकरून म्हणाला, "मी काही म्हणत नाही. पण फावडं तर त्याच्याच हातात होतं ना?"

"तू गप्प बस," लोरेटा कडाडली. मग ब्रिनकडे वळली. "ऑफिसर येईपर्यंत थांब. तोवर कुणी केलं ते मी शोधून काढते."

"आणि नाही सापडला तर?"

लोरेटाने लमॉन्टच्या बुटांकडे पाहिलं. मनात एक क्षणभर पाल चुकचुकली, आणि त्या पालीचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

"नाही सापडला तर दाखव तुझा फोटो," ती म्हणाली.

३

पहिला संशय कुणावर घ्यायचा याचा तिला विचारच करावा लागला नाही. फ्रान्सिस मॅकगोनिगल घरासमोर रस्त्यावर एक मोडकी खुर्ची मांडून ठेवायचा, आपली गाडी लावायची जागा कुणी बळकावू नये म्हणून. या भागात दुसऱ्याची अशी खुर्ची हलवणं म्हणजे उभं वैर. आणि हॅलोविनसाठी लोरेटाने रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या आणि मॅकगोनिगलची खुर्चीसुद्धा काढायला लावली होती. त्यावर तो भर रस्त्यात ओरडला होता, की तुमचे ते भोपळे गटारात घालीन.

मॅकगोनिगल स्वयंपाकघरात बसून पावाचा तुकडा कॉफीत बुडवत होता.

"आलीस? मला वाटलंच," तो म्हणाला. "बस. कॉफी घे. मग आरोप कर."

"तू म्हणाला होतास गटारात घालीन."

"म्हणालो होतो. अजून म्हणतो. एका संध्याकाळच्या पोरखेळासाठी माझी जागा गेली. गाडी कुठे लावलीय विचार मला. चर्चच्याही पलीकडे. पण लोरेटा, चाळीस वर्षांत मी कधी काही गुपचूप केलंय? मला भांडायचं असलं की मी खिडकीत येऊन भांडतो."

हे खरं होतं. त्याच्या खिडकीतल्या भांडणांवर गल्लीतली पोरं इंग्रजीतल्या निम्म्या शिव्या शिकली होती.

"आणि डोकं वापर जरा," तो पुढे म्हणाला. "मी भोपळे फोडायला निघालो असतो तर पहिले कुणाचे फोडले असते? त्या नव्या बाईचे. ढिगाने मांडून ठेवलेत, पांढरेफटक, आजाऱ्यासारखे. तिच्या कुंड्यांनी माझा फूटपाथ खाल्लाय. आणि तिच्या एकाही भोपळ्याला ओरखडा नाही. बघितलंस का?"

लोरेटाने बघितलं नव्हतं. ती कॉफी तशीच ठेवून उठली.

"आणि लमॉन्ट?" तिने दारातून विचारलं.

मॅकगोनिगलने मान वळवली नाही. "मी पहाटे त्याला खिडकीतून बघितला. भरताना बघितला, फोडताना नाही. हे मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही."

"विचारल्याशिवाय सांगायला तुझी जीभ झिजते?"

"माझी खुर्ची काढताना तुम्ही मला विचारलं होतंत?"

लोरेटाने दार इतक्या जोरात आपटलं की आतला कप खळखळला.

४

ब्रिनच्या पायऱ्यांवर खरोखरच पांढरे भोपळे शिस्तीत रचलेले होते. कोरलेले नाहीत, रंगवलेले नाहीत. नुसते शोभेचे. फुटक्या भोपळ्यांच्या गल्लीत ते चोराच्या घरच्या भांड्यांसारखे लखलखत होते.

"तुझे का नाही फुटले?" लोरेटाने आत न जाताच विचारलं.

"म्हणजे मी फोडले, असं म्हणायचंय तुम्हाला?" ब्रिन तडकली. "माझा मुलगा सकाळपासून जेवला नाहीये. त्याने त्याच्या भोपळ्याला चष्मा कोरला होता, स्वतःसारखा. तो माझ्याच दाराशी पडलाय, बघा."

तो पडला होता. पांढऱ्या भोपळ्यांच्या शेजारी, अर्ध्या चष्म्यासकट.

"दारावर कॅमेरा आहे ना तुझ्या? एवढा गावभर फोटो दाखवत फिरतेस, मग त्यात काय दिसलं ते दाखव."

ब्रिनने नजर चुकवली. लोरेटाने वर पाहिलं आणि तिला रागातही हसू फुटता फुटता राहिलं. हॅलोविनसाठी ब्रिनने दारावर कापसाची खोटी कोळिष्टकं लावली होती, भरघोस, प्लास्टिकच्या कोळ्यांसकट. कॅमेऱ्याच्या डोळ्यावर नेमका एक कोळी बसला होता.

"रात्रभर कोळी दिसतोय," ब्रिन हळूच म्हणाली.

लोरेटा पायरीवर टेकली. डोकं चालायला लागलं होतं. दारुड्या पोरांचं हे काम नव्हतं. दारूच्या तारेत माणूस जे पायात येईल ते उडवतो. इथे कुणीतरी मोठे, महागाचे, हाताशी असलेले भोपळे सोडून शेजारचा पोराचा भोपळा तेवढा वेचून फोडला होता. त्याला नासधूस करायची नव्हती. पोरं रडवायची होती. आणि पोरं रडली की कोण भडकतं? आईबाप. भडकलेले आईबाप कुणाकडे बोट दाखवतात?

"ब्रिन," ती म्हणाली, "हे सगळं बघितल्यावर तुझ्या मनात पहिलं नाव कुणाचं आलं?"

"लमॉन्टचं." मग जरा थांबून, "पण तो फोटो काढायच्या आधी. खरं सांगायचं तर, आधीच आलं होतं."

"तुझ्या मनात यावं म्हणूनच हे केलंय कुणीतरी."

ब्रिनने फोन काही खिशात ठेवला नाही.

५

गॅडसनांच्या स्वयंपाकघरात लमॉन्ट टेबलाशी बसला होता. समोर दुधाने भरलेलं घमेलं आणि त्यात मनगटापर्यंत दोन्ही हात.

"हे काय?" लोरेटाने विचारलं.

"तुमची कृपा," मिस अर्नेस्टीन म्हणाली. "ही मिरची म्हणायची की काय. हातमोजे न घालता पाच-सहा दारांपुढचा चिखल उचलला त्याने. आता हातांची नुसती आग होतेय. मघाशी लोकांसमोर हात मागे बांधून उभा होता ना, लोकांना वाटलं उद्धट आहे. अरे, सहन होत नव्हतं त्याला."

लमॉन्टने हात दुधातून वर काढले. तळवे लालभडक झाले होते, बोटं सुजलेली.

"एकदा चुकून डोळ्याला लागला हात," तो म्हणाला. "वाटलं आंधळाच होतो. तरी म्हटलं टोकापर्यंत जाऊ. पण लोक जमले, तुमच्या विव्हीच्या दारापर्यंत पोचलोच नाही."

लोरेटा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःचे हात वर केले आणि उलटे-सुलटे करून पाहिले. थंडीने जरासे खरखरीत झालेले, पण गोरे, साधे हात. सकाळी तिने याच हातांनी विव्हीच्या दारातला गिचका उचलला होता. कोपरापर्यंत. आणि याच ओल्या हातांनी डोळे पुसले होते.

काही झालं नव्हतं. चुरचुरलंही नव्हतं.

"काय झालं, मिस लोरेटा?" लमॉन्टने विचारलं.

ती उत्तर न देता स्वेटरची बाही चाचपत होती. कोपराजवळ लोकरीत काहीतरी वाळून चिकटलं होतं. तिने ते नखाने काढलं. भोपळ्याची बी होती. पांढरी, कच्ची, तंतूसकट.

गुरुवारी प्रत्येक भोपळा तिने स्वतः तपासून घेतला होता. एकातही बी राहू दिली नव्हती.

"हरामखोर," लोरेटा म्हणाली. ती कुणाला म्हणाली ते मायलेकांना कळलं नाही. ती तशीच उठली आणि दार उघडं टाकून चालू लागली.

६

कार्माइनच्या घरी विव्ही टीव्हीपुढे बसली होती, मधमाशीचे पंख लावून. तिची आई शनिवारच्या पाळीवर दवाखान्यात गेलेली. लोरेटाने नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सरळ तळघराचा जिना उतरली. मागोमाग कार्माइन आला.

"आई, खाली पसारा आहे. काय हवंय तुला?"

तिने कपडे धुवायच्या यंत्राचं झाकण उघडलं. त्यात काही नव्हतं. मग ती जुन्या पाळण्याकडे वळली, त्यावरची चादर ओढली. पाळण्यात विव्हीचा भोपळा होता. एक दात मोठा, एक भुवई वर चढलेली, विव्हीने कोरला होता तसाच्या तसा. वास घ्यायची गरज नव्हती, पण लोरेटाने बोट फिरवून जिभेला लावलं. मिरची.

"दारात फोडलास तो कुठून आणलास?"

कार्माइन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला. "बाजारातून. काल."

"कोरायचं तरी होतंस, गाढवा. आतला गाळ काढायचा होतास. बियांसकट आपटलास. मिरचीसुद्धा लावली नाहीस. गल्लीतल्या एकाही भोपळ्याजवळ खार फिरकली नाही, आणि तुझ्या दारात ती मेजवानी झोडत होती. मी समोर उभी राहून बघितलं आणि मला कळलं नाही. पोटचा पोर म्हटला की बाईची अक्कल अशी गहाण पडते." तिचा आवाज चढत चालला होता. तिने तो आवरला, वर पोरगी होती म्हणून. "का केलंस?"

"तू ऐकलंस का माझं? मी तुला टेबलावर सांगितलं होतं, माझी पोर त्याच्या गाडीत बसणार नाही. तू म्हणालीस, गप्प जेव."

"पोरीची काळजी? की दोरी गेली म्हणून?"

"दोरी माझी होती, आई. दरवर्षी माझी. सगळी गल्ली म्हणायची, कार्माइनची गाडी. आणि तू ती उचलून त्याला दिलीस. मला विचारलंसुद्धा नाहीस."

"म्हणून माणसाला तुरुंगात घालायचं?"

"मला काय माहीत तो पहाटे झाडायला जाईल? मला वाटलं लोक कुरकुर करतील, त्याच्याकडून गाडी काढून घेतील, संपलं. पोलिसांचं माझ्या डोक्यातच नव्हतं."

"सकाळी होतं," लोरेटा म्हणाली. "ती म्हातारी काचेचं बोलली तेव्हा तू तिथे उभा होतास. तेव्हा तोंड उघडायचं होतंस. उघडलंस, ते काय म्हणालास? फावडं त्याच्याच हातात होतं. भोपळे मी तुला माफ केले असते, कार्माइन. ते वाक्य नाही करणार."

वरून विव्हीने हाक मारली. ऑफिसर आले, ती ओरडून सांगत होती, लाकडी अडसर घेऊन आले.

"आई, घरातल्या घरात ठेव," कार्माइनने तिचा हात धरला. "मी लमॉन्टची माफी मागतो. चार लोकांत नको. मला इथे राहायचंय."

"त्यालाही इथेच राहायचंय," लोरेटा म्हणाली आणि पाळण्यातला भोपळा काखोटीला मारला.

७

ऑफिसरने गल्लीच्या तोंडाशी अडसर लावला होता. ब्रिन त्याच्याशी बोलत होती, फोन त्याच्या हातात होता आणि त्याची वहीही निघाली होती. लमॉन्ट समोर उभा होता, हात शरीरापासून लांब धरून. गल्ली पुन्हा गोळा झाली होती. पोरं भुतं, चेटकिणी आणि मधमाश्या होऊन आईबापांच्या पायांत घोटाळत होती.

लोरेटाने विव्हीचा भोपळा जत्रेच्या टेबलावर ठेवला. गप्पा बंद पडल्या. अख्ख्या फेनविक स्ट्रीटवर पोरांनी कोरलेला तो एकच धड होता.

"याला बोट लावून चाखा," ती ऑफिसरला म्हणाली. त्याने चाखला नाही, पण मॅकगोनिगलने पुढे होऊन चाखला आणि तोंड वाकडं केलं. मग लोरेटाने सगळं सांगितलं. खारीची न्याहारी, बाहीवरची बी, आपले न चुरचुरलेले डोळे, लमॉन्टचे भाजलेले हात. "पोरांचा प्रत्येक भोपळा फुटला, एक सोडून. तो एक वाचवायला कुणीतरी बाजारातून दुसरा आणला. असं चोर करत नाही, दारुडा करत नाही. बाप करतो. दुसऱ्यांची पोरं रडवताना ज्याला आपली रडवायची नव्हती, तो. तिच्या कानात तो काय पुटपुटला ते मी ऐकलं नाही, पण पोरगी एका क्षणात गप्प झाली. लिहून घ्या. कार्माइन क्वात्रोने. माझा मुलगा."

कार्माइन मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याने नाही म्हटलं नाही.

ऑफिसरने वही मिटली आणि खिशात घातली. "मॅडम, भोपळेच आहेत. घरगुती मामला दिसतोय. आपसात मिटवा."

"आत्ता घरगुती झाला?" लोरेटा त्याच्या अंगावर गेली. "मघाशी हा उभा होता समोर, तेव्हा वही बाहेर होती. माझ्या पोराचं नाव घेतल्याबरोबर आत गेली. तेच भोपळे आहेत ना?"

ऑफिसर अडसर सरळ करायला निघून गेला. ब्रिन लमॉन्टसमोर येऊन उभी राहिली. "मला माफ कर," ती म्हणाली. "मी खरंच..."

"फोटो पुसा आधी," लमॉन्ट म्हणाला. "माझ्यासमोर पुसा."

तिने पुसला. त्याने बघितलं आणि मगच मान हलवली.

लोरेटाने गाड्याची दोरी उचलून त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही.

"नाही, मिस लोरेटा. आज मी गाडी ओढली तर हे सगळे माझ्या हातांकडे बघत चालतील. कालच्यापेक्षा जास्त. मला नको." राग लपवायची सवय लागलेला माणूस, म्हणून आवाज अगदी हळू होता. "त्याला हवी होती ना? त्याला द्या. पण नुसती ओढायची नाही. प्रत्येक दाराशी थांबायचं आणि त्या घरच्या पोराला तोंडाने सांगायचं, तुझा भोपळा मी फोडला. पोरं विचारतील ते ऐकायचं, आणि उत्तर द्यायचं."

सगळे लोरेटाकडे बघू लागले. ती कॅप्टन होती, आणि आईही होती. तिने चालत जाऊन दोरी कार्माइनच्या हातात कोंबली.

पेंढ्यांवर पोरं बसली. सफरचंदाच्या गरम रसाचं पातेलं उकळू लागलं, पण त्याच्याजवळ कुणी गेलं नाही. गाडी निघाली. पहिल्या दाराशी कार्माइन थांबला आणि चष्मेवाल्या पोराला काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," मॅकगोनिगल खिडकीतून ओरडला.

"तुझा भोपळा मी फोडला."

"का?" पोराने विचारलं. कार्माइनने सांगितलं. पुढच्या दाराशी पुन्हा सांगितलं. त्यापुढच्या दाराशी एका चिमुरड्या चेटकिणीने ते ऐकून घेतलं आणि गाडीतून उतरून ती आईकडे गेली. मिस अर्नेस्टीनच्या दाराशी तो सगळ्यात जास्त वेळ उभा होता. ती काठीवर रेलून ऐकत होती, आणि ऐकून झाल्यावर आत निघून गेली. लमॉन्ट पायरीवर बसून राहिला.

शेवटचं दार त्याचं स्वतःचं. तिथे कार्माइन थांबणार नव्हता. पण गाडीतून विव्ही खाली उतरली, मधमाशीचे पंख सावरत बापापुढे येऊन उभी राहिली. गल्लीभर तिने प्रत्येक दाराशी तेच वाक्य ऐकलं होतं.

"बाबा, सगळ्यांचे फोडलेस," ती म्हणाली. "मग माझा का नाही फोडलास?"

कार्माइनने लहानपणीसारखं आईकडे पाहिलं. जन्मभर त्याची उत्तरं लोरेटाच देत आली होती, शाळेत, चर्चमध्ये, शेजाऱ्यांपाशी. आत्ताही तिच्या ओठांशी काहीतरी आलं होतं. तिने ते गिळलं आणि इतरांबरोबर तो काय सांगतो ते ऐकायला उभी राहिली.